दोन याद्या

(तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘ज्यूंचा वंशसंहार : इतिहास आणि स्मरण’ असं छापलेलं आहे. सकाळी चहाच्या वेळी एकाने मला विचारलं, ‘भाई, तुम्ही तर सॉफ्टवेअरवाले. हा विषय तुमच्याकडे कसा आला?’ त्याच्या शेजारच्या मुलीने जरा चाचरत विचारलं, ‘आणि गाझात जे झालं ते आपण रोज मोबाइलवर पाहिलं. मग आत्ताच हा विषय का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर आधी देतो. दुसरा टाळणार नाही, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागेल.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मी डेटाबेसवर काम करतो. माणसांची माहिती कोणत्या रकान्यात ठेवायची, एक तक्ता दुसऱ्याला कसा जोडायचा, लाखो नोंदींमधून हवी ती नोंद सेकंदात कशी काढायची, हे माझं रोजीरोटीचं काम. या कामामुळे मला हा इतिहास एका विशिष्ट जागी येऊन भिडला. त्याबद्दलच बोलतो.

सुरुवात कबुलीने करतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना फेसबुकवर हिटलरच्या फोटोखाली एक वाक्य फिरत होतं. मी काही ज्यू जिवंत सोडले, म्हणजे बाकीच्यांना का मारलं ते जगाला कळेल, अशा अर्थाचं. तुमच्यातल्या अनेकांनी ते पाहिलं असेल. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते अजूनही येतं. हिटलरने असं म्हटल्याचा कुठलाही पुरावा नाही, ते बनावट आहे. पण मी तेव्हा ते तपासलं नाही. आवडलं, शेअर केलं.

सुट्टीत नानीकडे गेलो होतो, रायगड जिल्ह्यात, समुद्राकाठच्या गावात. आम्ही मावसभावंडं त्या पोस्टवर हसत होतो. नानीने विचारलं, कशाला हसता? मी वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे आमची शेजारीण मेली असती तरी तू हसला असतास काय रे?’

नानीच्या लहानपणी शेजारच्या आळीत बेने इस्राएल कुटुंबं राहत होती. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण पूर्वापार धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. मराठी बोलणारे, बायका लुगडं नेसणाऱ्या, मुलांची सुंता करणारे, डुकराचं मांस न खाणारे. नानीची एक मैत्रीण त्यांच्यातली होती. १९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबं हळूहळू इस्रायलला गेली, त्यात तीही गेली. मी म्हटलं, ‘नानी, ते ज्यू वेगळे, हे वेगळे.’ नानी म्हणाली, ‘वेगळे म्हणजे कसे?’

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला वाटेल, मी लगेच ती पोस्ट काढून टाकली. नाही काढली. त्यावर भरपूर लाइक होते. ती तशीच राहिली आणि नानी गेल्यावर कधीतरी मला तिची लाज वाटू लागली.

यानंतर मधे बरीच वर्षं गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात बसलेलो असताना जर्मनीतल्या आरोल्सेन आर्काइव्ह्ज या संस्थेच्या एका उपक्रमाबद्दल वाचलं. बाड आरोल्सेन हे जर्मनीतलं छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हरवलेल्या माणसांचा शोध घेण्यासाठी तिथे एक केंद्र उभं राहिलं. छळछावण्यांची कार्डं, वाहतुकीच्या याद्या, वेठबिगार मजुरांच्या नोंदी असे कोट्यवधी कागद तिथे जमा आहेत आणि त्यांत सुमारे १ कोटी ७५ लाख माणसांचा उल्लेख आहे. कागद स्कॅन झाले, पण त्यांवरची नावं संगणकाला शोधता येत नाहीत. म्हणून संस्थेने जगभरातल्या सामान्य माणसांना हाक दिली : घरी बसून एकेक कार्ड पाहा आणि त्यावरचं नाव टाइप करा. एकाच कार्डाची नोंद एकाहून जास्त माणसं करतात, मग त्या ताडून पाहिल्या जातात.

डेटा एंट्री! आमच्या क्षेत्रात हे सगळ्यात कंटाळवाणं काम समजलं जातं. म्हटलं, बघू. पहिलं कार्ड उघडलं. नाव, जन्मतारीख, गाव. धर्म. बायकोचं नाव, घरचा पत्ता, मुलं किती. उंची, डोळे, नाक, दात, केस. व्यवसाय : शिंपी.

माझे अब्बा ३५ वर्षं शिलाई मशीनवर बसले. त्या रकान्यापाशी मी थांबलो. त्या माणसाचं नाव मी इथे सांगत नाही. तो माझ्या भाषणातला दाखला नाही. पण त्या कार्डाची आखणी मला ओळखीची वाटली. हा तक्ता कुणीतरी विचार करून बनवला होता. कुठला रकाना आधी, कुठला नंतर, कशात किती अक्षरं बसतील. माझ्यासारख्याच कुणीतरी. तिथून माझा अभ्यास सुरू झाला.

ज्यू लोक या घटनेला हिब्रूत ‘शोआ’ म्हणतात, म्हणजे महाविनाश. जगात होलोकॉस्ट हा शब्द रूढ आहे. साठ लाख ज्यू मारले गेले, हे आपण शाळेत एका ओळीत वाचतो. नाझींनी रोमा लोकांना, अपंग आणि मनोरुग्णांना, लाखो सोव्हिएत युद्धकैद्यांनाही मारलं. पण साठ लाख माणसं एका रात्रीत मरत नाहीत. आधी ती कोण आहेत, कुठे राहतात, हे कळावं लागतं.

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी जर्मनीचा चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी जूनमध्ये जनगणना झाली. माहिती भोकं पाडलेल्या पंच कार्डांवर उतरवून यंत्रांनी मोजली गेली. आमच्या संगणकाचे हे पणजोबा. जर्मनीत ज्यू धर्माचे सुमारे ५ लाख लोक निघाले, लोकसंख्येच्या १ टक्क्याहूनही कमी. १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायदे आले. आता ज्यू कोण, हे माणूस काय मानतो यावरून ठरणार नव्हतं. आजी-आजोबा चौघांपैकी तीन किंवा चार ज्यू, तर तुम्ही ज्यू. मग तुम्ही चर्चमध्ये जात असा किंवा कुठेच जात नसा. १९३८ मध्ये ज्यूंच्या पासपोर्टवर ‘जे’ अक्षराचा शिक्का आला. पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ आणि बायकांच्या नावात ‘सारा’ जोडणं सक्तीचं झालं, म्हणजे नावावरून ओळख पटावी. मे १९३९ च्या जनगणनेत एक जादा कार्ड होतं. त्यात चारही आजी-आजोबांपैकी प्रत्येक जण ज्यू होता का, असा प्रश्न होता.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या जनगणनेच्या कार्डांचा प्रत्यक्ष अटकेसाठी किती वापर झाला, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. रेल्वेगाड्यांत भरायच्या माणसांच्या याद्या पोलिसांच्या नोंदींवरून आणि ज्यू संस्थांकडून दहशतीने करून घेतलेल्या नोंदींवरूनही झाल्या. यंत्राने माणसं मारली, असं मी म्हणत नाही. माणसांनीच मारली. पण शेजाऱ्याचं रूपांतर आधी एका नोंदीत झालं, आणि नोंदीवर काट मारताना हात थरथरत नाही.

२० जानेवारी १९४२. बर्लिनजवळ वान्से सरोवराकाठचा बंगला. १५ अधिकाऱ्यांची बैठक, दीडेक तासाची. १५ पैकी ८ जण डॉक्टरेट घेतलेले. ही गोष्ट मला पदवीधर म्हणून फार बोचते. आपल्या समाजात आपण म्हणतो, शिकलो की सगळं सुधारेल. शिकायला हवंच. पण त्या खोलीत अर्ध्याहून जास्त माणसं माझ्यापेक्षा खूप शिकलेली होती. बैठकीच्या इतिवृत्ताची एक प्रत १९४७ मध्ये सापडली. त्यात एक तक्ता आहे : देशाचं नाव आणि समोर तिथल्या ज्यूंची संख्या. बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर. एस्टोनियापुढे आकडा नाही, तो ‘ज्यूमुक्त’ झाल्याची नोंद आहे. कारण गोळ्या घालून मारणं तोवर सुरू झालेलंच होतं. कीव शहराजवळ बाबी यार इथे सप्टेंबर १९४१ च्या अखेरीस दोन दिवसांत ३३,७७१ माणसं मारली गेली, आणि हा नेमका आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या अहवालात लिहून ठेवला.

त्या तक्त्यात इंग्लंड आहे, आयर्लंड आहे, तुर्कस्तानचा युरोपातला भाग आहे. अल्बानिया आहे, संख्या २००. या अल्बानियाकडे मी परत येणार आहे.

आता नेदरलँड्समध्ये या. तिथली नागरिक नोंदणी युरोपातल्या उत्तम नोंदण्यांपैकी एक होती. ती कुठल्या वाईट हेतूने केलेली नव्हती. युद्धाआधी त्या नोंदणीत धर्मही लिहिलेला असायचा. लोकांनी तो स्वतःहून, विश्वासाने सांगितलेला होता. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं आणि ते सगळं तयार ताट त्यांच्यापुढे आलं. नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स हा डच अधिकारी होता. त्याने नक्कल करायला अतिशय कठीण असं ओळखपत्र बनवलं, फोटो आणि बोटांच्या ठशासह. आपलं काम अचूक असावं, याचा त्याला ध्यास होता. १९४१ मध्ये अॅमस्टरडॅमचा एक नकाशा तयार झाला. त्यावर काळे ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू.

नेदरलँड्समधल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी सुमारे १,०२,००० मारले गेले. चारातले तीन. फ्रान्समध्ये हे प्रमाण चारातला एक होतं. या फरकाला कारणं अनेक आहेत : सपाट देश, लपायला डोंगर-जंगल नाही, थेट नाझी प्रशासन. पण बिनचूक नोंदणी हे त्यातलं एक कारण आहे, यावर बहुतेक अभ्यासक सहमत आहेत. जिची डायरी मराठीतही मिळते ती अॅन फ्रँक याच अॅमस्टरडॅममध्ये लपलेली होती.

हे तिथल्या काही लोकांच्याही लक्षात आलं होतं. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार, शिल्पकार, विद्यार्थी अशा मंडळींनी पोलिसांचे गणवेश घालून अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात प्रवेश केला. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, बाहेर सुरक्षित नेऊन ठेवलं आणि कार्डांना आग लावली. अग्निशमन दलाच्या लोकांना कल्पना होती. ते सावकाश आले आणि गरजेपेक्षा जास्त पाणी मारत राहिले, म्हणजे जे जळलं नाही ते भिजून खराब व्हावं. एवढं करून ८ लाख कार्डांपैकी साधारण १५ टक्केच नष्ट झाली. पुढे फितुरी झाली आणि १ जुलै १९४३ रोजी १२ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत विलेम आरोंडेउस हा चित्रकार-लेखक होता.

फ्रान्समध्ये रने कार्मिय नावाचा अधिकारी सांख्यिकी खात्याचा प्रमुख होता. पंच कार्डांचा जाणकार. त्याने ज्यूंची माहिती काढून देण्याचं काम आतूनच रेंगाळत ठेवलं आणि यंत्रणा प्रतिकार चळवळीच्या कामाला लावली. तो पकडला गेला आणि जानेवारी १९४५ मध्ये डाखाउ छावणीत मेला. लेंट्स आणि कार्मिय, दोघंही माझ्याच धंद्यातले. दोघांना काम उत्तम येत होतं.

आणि अल्बानिया. बहुसंख्य मुस्लिम देश. जर्मनांनी ताबा घेतल्यावर ज्यूंच्या याद्या मागितल्या. अल्बानियनांनी दिल्या नाहीत. उलट आसपासच्या देशांतून पळून आलेल्या ज्यूंना घरात घेतलं, खोटे कागद दिले, गावातलं नाव दिलं. त्यांच्याकडे ‘बेसा’ नावाची रीत आहे : दिलेला शब्द जिवापलीकडे पाळायचा, दारात आलेला पाहुणा म्हणजे जबाबदारी. युद्ध संपलं तेव्हा अल्बानियात युद्धाआधी होते त्यापेक्षा जास्त ज्यू होते. मुस्लिम आणि ख्रिस्ती, दोघांनीही हे केलं.

हे ऐकून छाती फुगते ना? माझीही फुगली. म्हणून लगेच दुसरं पान उघडतो. जेरुसलेमचा मुफ्ती अमीन अल-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटला, रेडिओवरून नाझींचा प्रचार केला, बोस्नियातल्या मुस्लिमांना नाझींच्या एसएस दलात भरती करायला मदत केली. त्याच बर्लिनमध्ये मोहम्मद हेल्मी नावाचा इजिप्शियन डॉक्टर एका ज्यू तरुणीला लपवून ठेवत होता. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. दोघंही मुसलमान. इतिहास शिकायचा तर दोन्ही नावं पाठ करायची. फक्त हेल्मी सांगितला की तो अभ्यास राहत नाही, कौतुकसोहळा होतो. फक्त मुफ्ती सांगितला की तो आपल्यावरचा आरोपपत्राचा कागद होतो.

इथवर मारणाऱ्यांच्या याद्या झाल्या. आता दुसरी यादी.

नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सा शहरातल्या ज्यूंना भिंत घालून कोंडलं गेलं, चार लाखांहून अधिक माणसं. त्यांत इमानुएल रिंगेलब्लुम नावाचा इतिहासकार होता. त्याने साठेक माणसांचा गुप्त गट जमवला. ते शनिवारी भेटत, म्हणून गटाचं नाव ‘ओनेग शाब्बात’, म्हणजे शब्बाथचा आनंद. त्यांनी काय गोळा केलं? रेशनकार्डं, गोळ्या-चॉकलेटची वेष्टनं, ट्रामची तिकिटं, पत्रं, पोस्टर, शाळकरी मुलांचे निबंध, पळून आलेल्या माणसांच्या जबान्या. भूक किती, भाव काय, कोण कसं वागलं, आपल्यातले कोण वाईट वागले, तेही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये लोकांना त्रेब्लिंका मृत्युछावणीत नेलं जात असताना या गटाने पत्र्याच्या दहा पेट्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या. पुढे दुधाच्या दोन कॅन पुरल्या. गटातले तिघंच वाचले. रिंगेलब्लुम, त्याची बायको आणि मुलगा १९४४ मध्ये मारले गेले. पेट्या १९४६ मध्ये सापडल्या, दुधाच्या कॅन १९५० मध्ये. सुमारे ३५ हजार पानं. तिसरा साठा अजून सापडलेला नाही.

विचार करा, आपण मरणार हे ज्यांना माहीत आहे ती माणसं ट्रामची तिकिटं जपत होती. कारण त्यांना ठाऊक होतं की उद्या आपल्याबद्दल जे लिहिलं जाईल ते मारणाऱ्यांच्या कागदांवरून लिहिलं जाईल.

पुढचं स्मरणाचं कामही याच पद्धतीने झालं. याद वाशेम १९५३ मध्ये स्थापन झाली. नातेवाईक, शेजारी, गावकरी यांनी भरून दिलेल्या एकेका माणसाच्या पानांतून आणि कागदपत्रांतून तिने सुमारे ५० लाख नावं गोळा केली आहेत. उरलेली लाखो अजून सापडलेली नाहीत. कित्येक कुटुंबांत नाव सांगायलाही कुणी उरलं नाही. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने युरोपभर फुटपाथवर पितळी पत्र्याचे छोटे दगड बसवले. ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्म, काय झालं. एक दगड एका माणसाचा, त्याच्या शेवटच्या स्वेच्छेच्या घरासमोर. असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. वाचायचं तर मान खाली घालावी लागते.

नाव, जन्मतारीख, गाव, व्यवसाय. रकाने तेच आहेत. एका यादीने माणसाचा आकडा केला, दुसरी यादी आकड्याचा परत माणूस करते. लॉकडाऊनमध्ये मी टाइप करत होतो ती कार्डं मारणाऱ्यांचीच होती, पण टाइप केल्यावर ती दुसऱ्या यादीत जात होती.

आता त्या मुलीचा प्रश्न. गाझा.

माझ्या एका मित्राने मला हेच जास्त कडक शब्दांत सुनावलं होतं : ‘त्यांची नावं टाइप करत बसलायस, आपल्यांची कोण करणार?’ मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ‘वंशसंहार’ या अर्थाचा ‘जिनोसाइड’ हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने घडवला. तो १९४४ मध्ये त्याच्या पुस्तकातून छापला गेला. होलोकॉस्टमध्ये त्याचे ४९ नातेवाईक गेले. त्याने एकट्याने पायपीट करून देशादेशांचे प्रतिनिधी गाठले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार मंजूर केला. भारताने १९५९ मध्ये तो स्वीकारला. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने इस्रायलला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं ते कशाच्या आधारावर? याच कराराच्या. २६ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने इस्रायलला गाझात वंशसंहाराची कृत्यं होऊ न देण्याचे अंतरिम आदेश दिले. दुसऱ्याच दिवशी, २७ जानेवारीला, जगभर होलोकॉस्ट स्मरणदिन होता. आउशविट्झ छावणी १९४५ मध्ये त्या तारखेला मुक्त झाली होती.

म्हणजे आज पॅलेस्टिनी माणसासाठी न्याय मागताना आपण जो शब्द उच्चारतो तो त्या साठ लाखांच्या राखेतून आलेला आहे. होलोकॉस्ट झालाच नाही किंवा झाला ते बरं झालं, असं म्हणणारा माणूस स्वतःच्या हातातला कायदा स्वतःच फाडतो.

आणखी एक आठवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या मृतांच्या आकड्यांवर मोठमोठ्या नेत्यांनी शंका घेतली. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने उत्तर काय दिलं? यादी प्रसिद्ध केली. नाव, वय, लिंग, ओळख क्रमांक. हजारो नावं. रिंगेलब्लुमने जे केलं तेच. ७ ऑक्टोबरला इस्रायलमध्ये हमासने मारलेल्या सुमारे १,२०० माणसांचीही नावं आहेत, तीही वाचायची. बोस्नियात स्रेब्रेनिका इथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवण्यासाठी प्रेतं यंत्रांनी उकरून दुसरीकडे पुरली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडली. डीएनए तपासून बहुतेकांना नाव परत मिळालं. तरी ते झालंच नाही म्हणणारे आजही आहेत. ते ऐकून तुमचा संताप होतो ना? मग ती बनावट पोस्ट फॉरवर्ड करताना आपण कुणाच्या रांगेत उभे राहतो, ते पाहा. इस्रायलच्या सरकारचा कितीही कडक निषेध करा, मीही करतो. त्यासाठी वॉर्सातल्या मुलाचा निबंध खोटा ठरवावा लागत नाही.

शेवटी आपल्या घराबद्दल. २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसं वगळली गेली, हिंदू आणि मुस्लिम दोन्ही. त्या हिवाळ्यात माझ्या अम्मीने पलंगाखालची पेटी ओढून दादांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला. तुमच्याही घरात हे झालं असेल. ग्रुपवर रोज छळछावण्यांचे फोटो येत होते. त्या भीतीला मी हसणार नाही. पण प्रत्येक यादी वान्सेची यादी नसते, हेही अभ्यासानेच कळतं. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. भारतातल्या मुसलमानांचं शिक्षण, नोकऱ्या, कर्ज यांतलं मागासलेपण त्याने आकड्यांनी सिद्ध केलं. धर्माचा रकानाच नसता तर तो अहवाल लिहिता आला नसता. रकाना तोच. म्हणून प्रश्न विचारायचे असतात : ही माहिती कोण मागतो? कशासाठी? ती आणखी कुणाला दिसेल? मला नाही म्हणता येईल का? आणि चूक झाली तर दाद मागायला न्यायालय आहे का?

मी हे प्रश्न कामावर एकदाच विचारले आहेत. ग्राहकांच्या नोंदणीच्या एका फॉर्ममध्ये धर्माचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. आधी असे रकाने मी डोळे झाकून बनवले होते. त्या दिवशी बैठकीत विचारलं, हा कशाला लागतो? कुणालाच सांगता येईना. जुन्या फॉर्ममध्ये होता म्हणून नव्यातही आला होता. रकाना निघाला नाही, पण ऐच्छिक झाला. एवढंच. मी आरोंडेउस नाही. पण तुमच्यातले बरेच जण उद्या बँकेत, महापालिकेत, आयटीत बसणार आहात. हा एक प्रश्न विचारायची सवय आत्तापासून लावून घ्या.

मागच्या वर्षी नानीच्या गावाजवळच्या जुन्या ज्यू कब्रस्तानात गेलो होतो. दगडांवर हिब्रू आहे आणि खाली मराठी, तुमच्या-माझ्या मराठीतली नावं. ती माणसं आपल्या घरी, आपल्या बिछान्यात मेली. नानीच्या मैत्रिणीचं नाव तिथे असणार नव्हतंच, तरी मी सगळे दगड वाचले.

ती फेसबुकवरची पोस्ट मी अखेर काढली. काढण्याआधी तिच्याखाली लिहिलं की हे खोटं होतं आणि मी ते न तपासता टाकलं होतं. दोन मित्रांनी अनफ्रेंड केलं. एकाने फोन केला, आम्ही तासभर बोललो.

आता भाषण पुरे. मागच्या खोलीत तीन लॅपटॉप लावून ठेवलेत. कार्डावरचे शब्द जर्मन आहेत, पण कुठल्या रकान्यात काय, ते समजावणारा कागद मी मराठीत करून आणलाय. जेवण झाल्यावर ज्यांना वाटेल त्यांनी या आणि एक कार्ड भरा. घाई करू नका, स्पेलिंग दोनदा तपासा. नाव चुकलं तर शोधणाऱ्या नातवाला ते सापडणार नाही.